आंब्याचें जाड चाटूं नका

मनिषा घरत टायपिंगचा क्लास चालवायची. खांदा कॉलनीत, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या मजल्यावर, अकरा टाइपरायटर आणि चार कॉम्प्युटर. सरकारी परीक्षेला बसणाऱ्या पोरापोरींच्या चुकांना लाल गोल करण्यात तिची सतरा वर्षं गेली होती. त्याचा परिणाम असा झाला होता की कुठलाही मजकूर समोर आला की तिला चुका आधी दिसत आणि अर्थ मागाहून. लग्नाची पत्रिका हातात पडली की नवरानवरीच्या नावाआधी 'आशिर्वाद' डोळ्यांत खुपायचा. तिचा नवरा भगवान म्हणायचा, "लोक तुला जेवायला बोलावतात. तू तपासायला जातेस."

दुसरं वेड झाडांचं. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत तिने बेचाळीस कुंड्या मांडल्या होत्या. त्यापायीच दोन हजार आठ साली ती 'हिरवा परस' या संकेतस्थळाची सभासद झाली. पुण्याच्या शशिकलाताईंनी ते सुरू केलं होतं. बँकेतून निवृत्त झालेल्या या बाई एकट्याच राहायच्या आणि त्यांच्या गच्चीवर ऐंशी गुलाब होते. सांगलीपासून सिअ‍ॅटलपर्यंतची मराठी माणसं तिथे आपापल्या मोगऱ्याचं आणि मिरचीचं रडगाणं मांडत. नियम एकच आणि कडक. पाचाहून जास्त चुका असलेलं लेखन दुरुस्तीसाठी परत. हा नियम उगाच आलेला नव्हता. सुरुवातीच्या दिवसांत कुणीतरी 'फवारा मारा दुपारी नको संध्याकाळी' असं विनाविराम लिहिलं होतं. एका भाबड्या सभासदाने संध्याकाळची धास्ती घेतली, भर दुपारी फवारा मारला आणि वीस गुलाब करपवून घेतले. तेव्हापासून शशिकलाताई पूर्णविरामासाठीसुद्धा भांडायच्या.

मनिषाचा हात बघून त्यांनी वर्षभरात तिच्यावर शुद्धलेखन तपासायची जबाबदारी टाकली. बिनपगारी काम, पण मनिषाला ते मानाचं वाटे.

पुढच्या वर्षीच्या जून महिन्यात 'कोयकलम' नावाचा नवा सभासद आला. गाव पनवेल. पहिलंच लेखन असं:

'पावसाळ्यांत आंब्याचें जाड चाटूं नका. जकमेंत पाणी सिरतें व बुरसी दरते. आमी असेंच करीत आलों आओंत.'

खाली हास्याचा पूर आला. 'जाड काय, आम्ही बारीकही चाटत नाही,' असं एकाने लिहिलं. 'चव कशी असते?' असं दुसऱ्याने. शशिकलाताईंचा व्यक्तिगत निरोप आला. तिथे त्याला सगळे 'व्यनि' म्हणत. 'मनिषा, तीन ओळींत दहाच्या वर चुका. परत पाठव.'

मनिषाने माऊसचा बाण 'परत' या शब्दावर नेला आणि तिथेच ठेवला.

आमी. पनवेल. ती मूळची गव्हाणची. तिचे वडील तुळशीराम मिठागरात राबलेले, घरात सगळे आमी-तुमीच बोलायचे. पाचवीत तिला पनवेलच्या शाळेत घातलं, तेव्हा पहिल्याच दिवशी तिने 'बाळ पाणी पी' हे वाक्य 'बाल पानी पी' असं वाचलं होतं. वर्ग हसला. मास्तरांनी तिला खिडकीजवळ उभं करून 'ण' म्हणायला लावला, जीभ टाळूला चिकटेपर्यंत. त्यानंतर ती इतकं शुद्ध बोलायला शिकली की क्लासमधल्या पोरांना ती पुण्याची वाटायची, आणि तिनेही कधी ते खोडून काढलं नव्हतं.

तिने ते लेखन परत पाठवलं नाही. उलट संध्याकाळी क्लास सुटल्यावर बसून एक लांबलचक लेख लिहिला. शीर्षक दिलं, 'बोली म्हणजे चूक नव्हे'. पनवेल-उरणच्या गावांतली माणसं 'ह' गाळतात, ती त्यांची शतकांची भाषा आहे, आणि झाडं ज्यांच्या हाताला कळतात त्यांना काना-मात्रेवरून हाकलणं योग्य नाही, असं तिने मांडलं. 'मी स्वतः गव्हाणची आहे. माझी आई आजही आमी म्हणते,' हे वाक्य लिहिताना तिची बोटं थबकली. पण लिहिलं.

एकशे चाळीस प्रतिसाद आले. कुणी डोळे भरून आल्याचं कळवलं, कुणी आजोळ आठवलं. शशिकलाताई तीन दिवस अडून बसल्या आणि चौथ्या दिवशी त्यांनी तोडगा काढला. कोयकलम यांच्या लेखनावर 'बोलीभाषा' असा हिरवा शिक्का बसेल, त्याला नियम लागू नाही. मंडळी खूश झाली. प्रेमाच्या भरात सगळेच 'आमीबी करून बघतो' असं लिहू लागले.

कोयकलमकडून मात्र एवढंच आलं: 'यांत बोली कोटली? या चुका आएत. चुकांस चुकाच मणावें.'

केवढा हा विनय, असं सगळ्यांना वाटलं. मनिषाने खाली लिहिलं, 'काका, लाजू नका. बिनधास्त लिहा.'

काका त्यानंतर पंधरा दिवस गप्प होते. मग पुन्हा लिहू लागले, फक्त कामापुरतं. कोय रुजवून तांबूस पानांचं रोप कधी कापायचं, काडीची पाचर कशी तासायची, पट्टी किती गट्ट बांदायची. त्यांच्या सांगण्यावरून नाशिकच्या एका बाईंनी कुंडीत सात कलमं जगवली. मग लोकांचं हसणं थांबलं आणि प्रश्नांची रांग लागली.

श्रावणात मनिषाची आई, कमळाबाई, डोळे दाखवायला गव्हाणहून आली. एका दुपारी ती जमिनीवर बसून वाल सोलत होती आणि मनिषा कॉम्प्युटरपुढे होती. मनिषाला हुरूप आला.

"आई, ऐक. आपल्यातलं कुणीतरी किती छान लिहितंय बघ." तिने दोन-तीन लेखनं वाचून दाखवली.

कमळाबाईचा हात थांबला. "परत वाच."

मनिषाने परत वाचलं.

"यो कुटला?"

"पनवेलचाच. आपल्याच एखाद्या गावातला असेल."

"नाय," कमळाबाई म्हणाली. "आपला नाय यो."

"अगं, आमी म्हणतो, तुमी म्हणतो..."

"ता बोलतं सगला जग. पन 'आए' काय? आपन हाय बोलतो. आय मंजे मी, तुजी आय." तिने एक वाल टोपलीत टाकला. "आन् पाणी बोलतो बग, तुज्या मास्तरासारका. आपला मानूस पानी बोलंल. तोंडातून निगालाच नाय पायजे त्याच्या ता पाणी."

एवढं साधं मनिषाला दिसलं नव्हतं. सतरा वर्षं चुका शोधणाऱ्या बाईला!

"मग हा कोण गं?"

"मना काय माईत? बोबडा आसंल."

आधी मनिषाला लाज वाटली. ज्या भाषेच्या बाजूने तिने एकशे चाळीस लोकांना रडवलं होतं, ती भाषा या माणसाची नव्हतीच. आपल्याच घरातली बोली आपण कानाने विसरलो की काय, असंही मनात येऊन गेलं. पण रात्रीचं जेवण होईपर्यंत लाज मागे पडली आणि तिच्या जागी कुतूहल येऊन बसलं. बोबडा माणूस बोबडं बोलेल. लिहील कशाला बोबडं?

दुसऱ्या दिवशी तिने क्लासमध्ये कोयकलमची सगळी सेहेचाळीस लेखनं छापून काढली आणि लाल पेन घेऊन बसली. विद्यार्थ्यांचे उतारे तपासताना तिची एक पद्धत होती. चूक मोजायची नाही, तिचं कूळ शोधायचं. एखादी मुलगी सारखी 'त'च्या जागी 'न' मारत असेल तर तिला मराठी येत नाही असं नसतं, तिची करंगळी आखूड असते.

इथे कूळ लगेच दिसू लागलं. ह कुठेच नव्हता. ख नव्हता, घ नव्हता. छ, झ, ठ, थ, ध, भ, श, एकही नाही. त्यांच्या जागी क, ग, च, ज, ट, त, द, ब, स. प्रत्येक वेळी, न चुकता. ण आणि ळ मात्र जागच्या जागी. 'पूर्वी'तला पू दीर्घ, 'रुजवून'मधला रु ऱ्हस्व. तिच्या परीक्षेला बसणाऱ्यांपैकी निम्म्यांना हे जमत नसे.

आणि ते अनुस्वार! आधी तिला ते शिंतोड्यांसारखे वाटले होते. तिने क्लासच्या कपाटातून टायपिंगचं एक जुनाट पुस्तक काढलं, पन्नासच्या दशकात छापलेलं, आणि त्यातला उतारा शेजारी ठेवला. 'पावसाळ्यांत'. 'झाडें'. 'करूं नका'. अनुस्वार अगदी तिथेच होते. बासष्ट साली नियम बदलले आणि ते गेले. म्हणजे हा माणूस त्याआधी शिकला होता, आणि चांगला शिकला होता.

सगळं जुळत आलं तेवढ्यात एक कागद तिच्या हाताखाली अडला. त्यावर तीनदा 'फांदी' होती. एकदा 'फळ'. दोनदा 'फूट'. फ शाबूत होता!

मनिषा खुर्चीत मागे रेलली. ज्याला ख येत नाही, भ येत नाही, त्याला फ तेवढा कसा येतो? बोलीत असं होत नाही. बोबडेपणातही नाही. ती मनात एकेक अक्षर उच्चारून बघत राहिली. समोरच्या टाइपरायटरवर एक मुलगा तिच्याकडे टकमक बघत होता. त्याला ती म्हणाली, "तू तुझा उतारा कर."

तिला उत्तर सुचत नव्हतं याला एक कारण होतं. ती स्वतः जुन्या टाइपरायटरच्या पद्धतीने मराठी टाइप करायची. तिथे ख वेगळा, भ वेगळा, प्रत्येकाची जागा वेगळी. 'हिरवा परस'वर इंग्रजी अक्षरं मारून मराठी उमटवायची एक चौकट होती आणि बहुतेक सभासद तीच वापरत. मनिषाने तिला कधी हात लावला नव्हता. तिच्या लेखी ती कुबडी होती.

आता तिने ती चौकट उघडली. के मारला, क आला. के आणि एच मारला, ख. जी आणि एच, घ. सी मारला, च; सी आणि एच, छ. बी आणि एच, भ. टीला एच जोडला की थ, एसला जोडला की श. पी आणि एच, फ. पण नुसता एफ मारला तरी फ! तिने श्वास रोखून डाव्या हाताचा अंगठा एच या बटणाच्या वर आडवा धरला, म्हणजे ते चुकूनही दाबलं जाणार नाही, आणि उजव्या हाताच्या एका बोटाने टाइप केलं: आंब्याचे झाड छाटू नका.

पडद्यावर उमटलं: 'आंब्याचे जाड चाटू नका'.

ती इतक्या मोठ्याने हसली की अकराही टाइपरायटर एकदम थांबले.

त्याच संध्याकाळी तिने व्यनि पाठवला. 'आपल्या संगणकावरचं एच हे बटण चालतं का?'

आठ मिनिटांत उत्तर आलं.

'नाईं. चार मैने जाले. विचारणाऱ्या तुमी पैल्याच. बाकी सारे अंसले. आणि काका मणूं नये. आमी बाई आओंत. गर जुन्या पनवेलांत, मोअल्ल्यांत आए. सफूरा मणून विचारावें.'

पुढच्या रविवारी मनिषा मोहल्ल्यात गेली. पिशवीत क्लासमधला एक जादाचा कीबोर्ड होता. पहिल्याच दुकानदाराने घर दाखवलं. सफूरा दारातच उभ्या होत्या. वय सत्तरीपुढचं, पांढरी ओढणी, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा, नखांत माती. त्यांनी मनिषाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बोलीभाषावाल्या तुम्हीच ना?"

"हो," मनिषा चाचरत म्हणाली. "चुकलंच माझं..."

"आत या. पाणी प्या. मग बोलू."

पाणी पिऊन होईपर्यंत त्यांनी लॅपटॉप आणून समोर ठेवला. मग म्हणाल्या, "मी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे जुनी सातवी, पास आहे. पूर्ण मोहल्ल्यात त्या साली मी एकटी मुलगी. शुद्धलेखनात शंभरातले सत्त्याण्णव. आणि तुम्ही जगापुढे सांगितलंत की हिला लिहिता येत नाही, पण बिचारीला सांभाळून घ्या."

"तसं नव्हतं म्हटलं मी, चाची."

"शब्द वेगळे होते. मतलब तोच." त्यांनी पाण्याचा पेला उचलून बाजूला ठेवला. "हसले त्यांचा मला राग नाही आला. चुकांना हसलेच पाहिजेत. तुम्ही माझ्या चुकांना हार घातलात, त्याचा आला."

मनिषाने पिशवीतून कीबोर्ड काढून पुढे ठेवला.

लॅपटॉप त्यांच्या मुलाने, अझहरने, दुबईहून पाठवला होता. आईने त्यावर नातवंडांचे फोटो बघावेत एवढीच त्याची इच्छा. सफूरांनी महिन्याभरात त्यावर मराठी लिहिणं शोधून काढलं. मग परसात रोपं कापता कापता मातीचा एक कण त्या बटणाखाली गेला. तो काढायला त्यांनी कलमाचा चाकू घातला आणि बटण तुटलं.

"अझहरला सांगायचं ना."

"तो म्हणणार, अम्मी, लॅपटॉप घेऊन परसात कशाला गेलीस? मग त्याला चाकूचंही सांगावं लागणार." त्या पहिल्यांदाच हसल्या. "चार महिने मी असे शब्द शोधत होते ज्यांत ह नाही. अर्धी मराठी ह वर उभी आहे हो! आहे म्हणायचं तरी ह, नाही म्हणायचं तरी ह."

कीबोर्ड जोडल्यावर त्यांनी एका बोटाने, फार सावकाश, लिहिलं: 'झाड'. चष्मा वर करून ते नीट बघितलं. मग 'खत', 'धागा', 'घर'. जेवण झाल्यावर माणूस पाणी पितो तशा समाधानाने त्यांनी ते चार शब्द वाचले, आणि लगेच पहिलं लेखन उघडून दुरुस्त करायला घेतलं. सेहेचाळीसच्या सेहेचाळीस दुरुस्त करणार, म्हणाल्या.

"इतकी घाई काय आहे?"

"घाई नाही, बदनामी आहे," असं म्हणून त्यांनी एक गोष्ट सांगितली. लग्नानंतर त्या घरी बसून मोहल्ल्यातल्या बायकांची पत्रं लिहून द्यायच्या. पुरुष कुवेतला नाहीतर बोटीवर. एकदा एका बाईने सासऱ्यांच्या आजारपणाचं पत्र सांगितलं. शेवटी लिहायचं होतं, आता बाबा सावरले. कागद संपत आला होता. 'सा' ओळीच्या टोकाला कसाबसा बसवला आणि 'वरले' खालच्या ओळीत; घाईत 'व'पुढे एक उभी रेघ जास्त पडली. तिकडे तिच्या नवऱ्याने वाचलं, आता बाबा वारले. "त्याने तिथे सुतक पाळलं, फातिहा पढला, चार माणसांना जेवू घातलं आणि घरी तार केली. ती तार घ्यायला दारात कोण आलं? बाबाच! तेव्हापासून मी एक काना सोडत नाही."

मनिषा पोट धरून हसली. मग तिच्यातली मास्तरीण जागी झाली आणि तिने पडद्याकडे बोट केलं. "पण चाची, हे अनुस्वार... 'झाडें', 'पाणी शिरतें'. बासष्टपासून हे काढून टाकलेत."

"ठाऊक आहे मला. वर्तमानपत्रातून एके दिवशी सगळी टिंबं गायब झाली. वाटलं, छापखान्यात चोरी झाली." सफूरांनी चष्मा पुसला. "सांगा, 'फुले' म्हणजे काय?"

"फुलं. फुलझाडाची."

"आमच्या वेळी ती 'फुलें'. टिंब देऊन. आणि नुसतं 'फुले' म्हणजे बहरतो. आंबा फुले, आणि झाडाखाली फुलें. टिंब काढलं तर मला कसं कळावं, की तोडायचं की बघत बसायचं?"

मनिषाला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. तिला नियम माहीत होता. नियमाने काय घालवलं ते माहीत नव्हतं. ती दुपारी दीडला आली होती, सव्वापाच वाजले तरी उठली नाही. कलमं बघितली, कोयी बघितल्या, आणि प्रत्येक कुंडीपुढे एकेका टिंबावर वाद झाला.

घरी येऊन तिने 'हिरवा परस'वर सगळं जसंच्या तसं लिहिलं. बोली नव्हती, बटण होतं, माझा कान चुकला. कोयकलम काका नव्हेत, सफूराचाची आहेत. आणि खाली प्रश्न ठेवला: त्यांचे जुने अनुस्वार चालू द्यायचे का?

दोनशे प्रतिसाद. अर्धे म्हणाले चालू द्या, छान दिसतात. शशिकलाताईंचं उत्तर दोन ओळींचं होतं. 'आदर आहे. पण नवं शिकणाऱ्याने कुठलं खरं मानायचं? नियम सगळ्यांना एकच.' मनिषाला राग आला. तिने रागातच फोन करून सफूरांना वाचून दाखवलं आणि आपण भांडू म्हणाली.

"कशाला भांडायचं? बरोबर बोलल्या त्या," सफूरा म्हणाल्या. "घर त्यांचं, रीत त्यांची. पत्र ज्याला धाडायचं त्याला वाचता आलं पाहिजे. तुम्ही मला नवे नियम शिकवा."

मग सुरू झाली एक विलक्षण शिकवणी. आठवड्यातून दोनदा मनिषा मोहल्ल्यात जायची. ती नियम सांगायची, सफूरा कलम करायला शिकवायच्या. सफूरांचे प्रश्न संपतच नसत. हा अनुस्वार काढला तर तो का ठेवला? हे कुणी ठरवलं? ते किती जण होते? त्यांच्यात झाडं लावणारं कुणी होतं का? मनिषा घरी येऊन उत्तरं शोधायची आणि निम्म्या वेळा हात हलवत परत जायची. तिची पहिली सहा कलमं सुकली, सातवं जगलं. महिन्याभरात कोयकलमचं लेखन असं स्वच्छ झालं की शशिकलाताईंनी व्यनि पाठवून त्यांनाच विचारलं, तपासायच्या कामात मदत कराल का? सफूरांनी होकार दिला. मनिषाला मात्र त्या खासगीत अजूनही 'तुमचें पत्र पावलें' असंच लिहीत. तिने ते कधी दुरुस्त केलं नाही.

दिवाळीनंतर कमळाबाई पुन्हा आली, डोळे दाखवायला. मनिषा तिला एका दुपारी मोहल्ल्यात घेऊन गेली. दोघी म्हाताऱ्यांनी आधी एकमेकींना नीट न्याहाळून घेतलं. मग कमळाबाई उठून परसात फिरायला लागली आणि एका कुंडीपाशी थांबली. कुंडीत मोरस लावला होता. मिठागराच्या बांधावर उगवणारी ही खारट भाजी पिवळी पडून मान टाकून उभी होती.

"हिला काय घालता?"

"शेणखत. आणि रोज पाणी," सफूरा म्हणाल्या. "तीनदा लावली. जगतच नाही."

"गोड पान्यात ती मरनारच. खाजनातली हाय ती. मीट घाला पान्यात."

"मीठ? झाडाला?"

"मूटभर घागरीला. माती पन बांदावरची आना. मी धाडते केतनाच्या हाती." केतन म्हणजे मनिषाचा भाऊ.

सफूरा ताडकन उठल्या आणि लॅपटॉप घेऊन आल्या, परसातच. "हे 'हिरवा परस'वर गेलं पाहिजे. तुमच्या नावाने. सांगा, मी लिहिते. जसं बोलाल तसं."

कमळाबाईने पदर सावरला आणि सांगायला सुरुवात केली. सफूरांचं एक बोट सावकाश फिरत होतं. पहिल्याच वाक्यात ते थांबलं.

"पानी. न चा नी, बरोबर?"

"हां."

"मग 'आणा'सुद्धा 'आना'?"

"आना."

"आणि 'मूठ' ती 'मूट'. पण 'घागर' मात्र घ नेच म्हणालात. 'गागर' नाही. ते का?"

कमळाबाई विचारात पडली. आयुष्यभर वापरलेला शब्द तिने तोंडात घोळवून पाहिला. "घागर," ती हळू म्हणाली. "गागर. नाय, घागरच. पुडं घ येतो. मागं असला का जातो. निगाला. बग."

"म्हणजे शब्दाच्या सुरुवातीला टिकतो, पुढे गेला की पडतो?" सफूरांचे डोळे चमकले. "हाय मध्ये टिकला. आमी मध्ये पडला. थांबा, थांबा. भ चा एखादा सांगा."

"भाकर."

"आणि मध्ये भ असलेला?"

कमळाबाई आठवू लागली. मनिषाने पिशवीतून वही काढली, पान उलटलं आणि दोन रकाने आखले. शाळेत कुणी तिला हा नियम विचारला नव्हता, तिनेही स्वतःला कधी विचारला नव्हता.

"सांग ना गं तू पन," कमळाबाई लेकीकडे वळून म्हणाली. "तुला नाय आटवत?"

मनिषाने पेन टेकवलं आणि कितीतरी वर्षांत न उच्चारलेला एकेक शब्द ती मोठ्याने म्हणून बघू लागली.